परदेशात बसून मराठी ब्लॉग: कसे शोधायचे, स्वतःचा कसा उभारायचा?

श्रावणातला शेवटचा सोमवार. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन निघालेल्या कावडी अकोल्याच्या जुन्या शहरात राजराजेश्वराच्या मंदिरात पोहोचतात. इथलीच एखादी मुलगी जर्मनीत शिकत असेल, तर ती हे सगळं फोनवर बघते. लहानपणीची आठवण चार ओळींत लिहून इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर टाकते. २४ तासांनी ती स्टोरी लोकांना दिसेनाशी होते.

हेच तिने स्वतःच्या ब्लॉगवर लिहिलं असतं तर?

ब्लॉग आले कुठून?

‘वेबलॉग’ हा शब्द १९९७ मध्ये आला आणि १९९९ मध्ये त्याचा ‘ब्लॉग’ झाला. ब्लॉगर ही सेवा १९९९ ची, २००३ मध्ये ती गूगलने घेतली. वर्डप्रेसही २००३ चंच.

परदेशातल्या मराठी माणसांनी इंटरनेटवर त्याआधीच जागा केली होती. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ मध्ये अमेरिकेतून सुरू झालं. तेव्हा मोठी अडचण फॉन्टची होती. तुमचा फॉन्ट समोरच्याच्या कॉम्प्युटरवर नसेल, तर मराठीऐवजी भलतीच चिन्हं दिसायची. युनिकोडने प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक दिला (‘अ’चा ०९०५) आणि हा घोळ मिटला.

चांगले ब्लॉग सापडतात कसे?

अनेक ब्लॉगच्या कडेला आवडत्या ब्लॉगची यादी असते. एकावरून दुसऱ्यावर जात राहा. आवडलेले ब्लॉग फीड रीडरमध्ये जोडून ठेवले की नवीन लेख आपोआप तिथे येतो. काय दाखवायचं हे अल्गोरिदम ठरवत नाही.

स्वतःच्या ब्लॉगमध्ये काय बदलाल?

ब्लॉगरवर खातं फुकट उघडतं. स्वतःच्या नावाचा पत्ता हवा असेल, तर त्याचे दरवर्षी पैसे भरावे लागतात. मग ही तीन कामं करा:

- अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा. बऱ्याच थीम इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या असतात. अंतर वाढवलं की मराठीची शिरोरेषा तुटते.
- ओळींमधलं अंतर वाढवा. नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना चिकटतात.
- टाइम झोन तपासा. उन्हाळी वेळेत जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. सेटिंग चुकीचं असेल, तर लेखावर भलतीच तारीख पडू शकते.

मग लिहिलेलं कायमचं राहतं का?

नाही. जिओसिटीजवरची लाखो वैयक्तिक पानं २००९ मध्ये बंद झाली. गूगलने स्वतःचा फीड रीडर १ जुलै २०१३ ला बंद केला. ब्लॉगरही शेवटी कंपनीचंच आहे.

फरक एवढाच, की ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हींत सगळं लिखाण एका फाइलमध्ये उतरवून घेता येतं आणि पुढे दुसरीकडे नेऊन पुन्हा उभं करता येतं. फोटो मात्र वेगळे जपून ठेवा, त्या फाइलमध्ये बहुतेकदा त्यांचे फक्त पत्ते असतात. दर दोन-तीन महिन्यांनी ही फाइल काढा. एक प्रत स्वतःजवळ ठेवा, एक घरी अकोल्याला पाठवा.