आबिड्समधली जुनी आलिशान एसयूव्ही: दुरुस्त करायची की विकायची?

आठ-दहा वर्षांची ऑडी क्यू७, बीएमडब्ल्यू एक्स५ किंवा मर्सिडीज हैदराबादच्या बाजारात साध्या नव्या एसयूव्हीच्या भावात मिळून जाते. पण गाडीची किंमत उतरली म्हणून तिच्या पार्टची किंमत उतरत नाही. आबिड्स-कोठी भागात राहणारी किंवा नांदेड, लातूर, बीदरहून ये-जा करणारी मराठी मंडळी अशी गाडी घेतात आणि एक दिवस गॅरेजवाला लाखांतलं एस्टिमेट हातात देतो. तेव्हा काय करायचं?

आधी दुखणं नीट ओळखा

दिवा लागला म्हणजे इंजिन गेलं असं नाही. डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. ही काजळी जळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. आबिड्स ते कोठी रांगत जाणाऱ्या गाडीला ती मिळत नाही, म्हणून फिल्टर तुंबतो. सुरुवातीलाच लक्षात आलं तर हायवेवर अर्धा तास एकसारख्या वेगाने गाडी चालवूनही काम भागू शकतं.

गाडी रात्रभर उभी राहून सकाळी एका बाजूला बसलेली दिसली, तर एअर सस्पेन्शनमधून हवा गळत असण्याची शक्यता मोठी. एवढ्यावर दुरुस्त केलं तर खर्च एका एअर स्प्रिंगचा. तसंच दामटत राहिलं तर कॉम्प्रेसर सतत चालून जळतो आणि बिल वाढत जातं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल 'आयुष्यभर बदलायचं नाही' असं सांगितलं जातं. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान तेल बदलायला सांगते.

म्हणून कंपनीचं सर्व्हिस सेंटर आणि त्या ब्रँडचं काम जाणणारं बाहेरचं गॅरेज, दोन्हीकडून लेखी एस्टिमेट घ्यावं.

हिशोब असा मांडा

गाडी केवढ्याला घेतली होती, हे विसरायचं. आकडे तीनच लागतात: आहे त्या स्थितीत काय येईल, दुरुस्तीनंतर काय येईल आणि दुरुस्तीला किती लागेल. समजा, गाडीला आज ९ लाख येतात आणि दुरुस्तीनंतर १३ लाख येतील. खर्च अडीच लाख असेल तर दुरुस्ती परवडते, मग गाडी ठेवा नाहीतर विका. खर्च साडेपाच लाख असेल तर विकण्यासाठी दुरुस्ती करणं म्हणजे दीड लाख पाण्यात. अशा वेळी गाडी पुढची तीन-चार वर्षं खरंच वापरायची असेल आणि बाकी सगळी ठणठणीत असेल, तरच खर्च करावा.

जुना भावही मनात धरू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवरचा कर ५० टक्क्यांवरून ४० वर आला आणि पार्टवर सरसकट १८ टक्के जीएसटी झाला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव ढासळतो.

विमा कुठे उपयोगी, कुठे नाही

झीज किंवा यंत्रातला बिघाड साध्या विम्यात बसत नाही. ऑक्टोबर २०२० च्या पुरासारख्या वेळी पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करून इंजिन गेलं, तर वेगळं इंजिन संरक्षण घेतलेलं नसल्यास क्लेम अडतो. अपघातातल्या दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर कंपनी सहसा गाडी 'टोटल लॉस' धरते. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. गाडी विकताना तो आपल्याकडे राखून घ्यावा.

विकायची ठरली तर

इथे सीमाभागातल्या लोकांनी जास्त जपावं. महाराष्ट्र पासिंगची गाडी तेलंगणात विकायची तर मूळ आरटीओची एनओसी (फॉर्म २८) लागते. घेणाऱ्याला तेलंगणाचा लाइफ टॅक्स भरावा लागतो, त्यामुळे तो तेवढा भाव पाडून मागतोच. कर्ज असेल तर बँकेचा बोजा फॉर्म ३५ ने उतरवून घ्यावा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार विक्रीची खबर राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, परराज्यात ४५ दिवसांत द्यावी लागते.

नुसत्या सह्या करून चावी दिली तर काय होतं, हे 'नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार' खटल्यात दिसलं. २००७ मध्ये विकलेली गाडी पुढे हातोहात फिरली आणि २००९ मध्ये तिचा अपघात झाला. आरसीवर नाव पहिल्याच मालकाचं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच टाकली.

डीलरला देत असाल तर तो आरटीओकडचा अधिकृत डीलर आहे का ते बघा. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनुसार गाडी ताब्यात दिल्याची ऑनलाइन नोंद झाली की जबाबदारी त्याच्याकडे जाते. त्या नोंदीची प्रत हातात येईपर्यंत मूळ आरसी आणि दुसरी चावी सोडू नये.