आबांची गाडी, तात्यांचं पासबुक

मागच्या काही भागांत आपण गिरणगावाबद्दल भरपूर बोललो. गिरण्या झाल्या, संप झाला, चाळी झाल्या. आज सुरुवात लालबागमध्येच करायची, पण गिरणीच्या गेटवर न थांबता थेट मस्जिद बंदरला उतरायचं. विषय आहे ट्रक, आणि ट्रकवर पोट असलेली माणसं.

प्रश्न साधा आहे. ट्रक चालवून माणूस समाधानी राहू शकतो का? आणि म्हातारपणी त्याच्या हातात काही उरतं का? आपण हा एकच प्रश्न समजतो. पण हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि ते मला आमच्या घरातल्या दोन म्हाताऱ्यांमुळे कळलं.

आबा म्हणजे माझे आजोबा. ट्रक ड्रायव्हर. तात्या त्यांचे धाकटे भाऊ. माथाडी कामगार. गाव साताऱ्याच्या पाटण तालुक्यात. आबा १९६० च्या आसपास मुंबईत आले, आधी गाडीवर क्लीनर, मग ड्रायव्हर. तात्या आले ते कोयनेच्या भूकंपानंतर. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे भूकंप झाला, आमचं घर पडलं, आणि एकोणीस वर्षांचे तात्या भावाच्या मागोमाग लालबागला आले. गावकऱ्यांची एक खोली, त्यात वीसेक माणसं, जेवण खानावळीत आणि झोप पाळीपाळीनं. हे चित्र आपल्या श्रोत्यांना नवीन नाही.

त्या काळी लालबाग-परळमध्ये खरी नोकरी म्हणजे गिरणीची. हजेरी, पगार, फंड, सगळं कागदावर. हमाली सगळ्यात खाली. हमालाला मुलगी द्यायला लोक कचरायचे. ड्रायव्हर कुठेतरी मधे. खिशात रोख पैसा असायचा, पण घरी कधी येईल याचा नेम नाही.

आबांची लाईन मुंबई-कोल्हापूर. जाताना मुळजी जेठा मार्केटमधून कापडाच्या गाठी, येताना कोल्हापूरचा गूळ. तो गूळ उतरायचा दाणा बंदर भागात, आणि तिथल्याच एका टोळीत तात्या कामाला होते. त्यामुळे कधी कधी असं व्हायचं की पुढचा दरवाजा उघडून एक भाऊ खाली उतरायचा, आणि मागचा फाळका पडला की दुसरा भाऊ ढेपा उचलायला लागायचा. एकच गाडी, एकच माल. पण १९६९ नंतर या दोघांचं आयुष्य वेगळ्या वाटेनं गेलं. का गेलं, तोच आजचा इतिहास.

आधी माथाडींची बाजू बघू. माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी. शंभर किलोची गोणी पाठीवर घेऊन फळीवरून चालायचं, गोदामात थप्पी लावायची. पैसे नगावर. मोठी अडचण अशी होती की या माणसाला मालकच नव्हता. व्यापारी म्हणायचा, मी मुकादमाला पैसे देतो, हमाल माझे नोकर नाहीत. मुकादम म्हणायचा, ही तर टोळी आहे, मी कुठला मालक? कामगार कायदे सुरू होतात ते मालक आणि नोकर या नात्यापासून. ते नातंच सिद्ध होत नसेल तर फंड कोण भरणार, आणि फळीवरून पडून पाय मोडला तर भरपाई कुणाकडे मागणार?

हे चित्र बदलायला उभे राहिले अण्णासाहेब पाटील. तेही पाटण तालुक्यातले, मंद्रुळकोळे गावचे, जन्म १९३३. त्यांनी या टोळ्यांना एकत्र बांधलं, युनियन उभी केली, आणि वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना एक कायदा झाला. त्याचं नाव लांबलचक आहे: महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम, १९६९. नावापेक्षा आतली रचना बघा. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, मला ती डिझाइन म्हणून फार आवडते.

‘मालक कोण’ या भांडणात हा कायदा अडकून पडलाच नाही. त्यानं मधे एक मंडळ बसवलं, ज्यात मालकांचे, कामगारांचे आणि सरकारचे असे तिन्ही बाजूंचे प्रतिनिधी. व्यापाऱ्यानं मंडळाकडे नोंद करायची, कामगारानंही करायची. मजुरी व्यापाऱ्यानं मंडळात भरायची, आणि मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही वेगळी भरायची. मंडळ कामगाराला मजुरी देणार, आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा, बोनस, दवाखाना सांभाळणार. आज या पेढीची गाडी उतरवली, उद्या त्या पेढीची, तरी हिशोब एकाच खात्यात जमा. किराणा बाजाराचं मंडळ वेगळं, कापड बाजाराचं वेगळं, लोखंड-पोलादाचं वेगळं. ही कल्पना पुढेही वापरली गेली. केरळनं १९७८ मध्ये हमालांसाठी असाच कायदा केला, आणि महाराष्ट्रानं १९८१ मध्ये खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी.

आणि कायदा कुठल्या कामांना लागू, त्याची यादी जोडलेली आहे. त्यात ‘सार्वजनिक वाहतुकीच्या वाहनांत माल चढवणे आणि उतरवणे’ या अर्थाची नोंद आहे. म्हणजे बघा, कायदा ट्रकच्या फाळक्यापर्यंत आला आणि तिथे थांबला. केबिनपर्यंत गेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, ड्रायव्हरसाठी कायदे नव्हते का? होते. उलट हमालांच्या आधी होते. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, लांब पल्ल्याला थोडी सवलत. वाचायला उत्तम. पण हा कायदा लागू व्हायला एका मालकाकडे निदान पाच कामगार लागायचे. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ चा, त्याला वीस माणसं हवीत. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा, त्याला दहा. आणि आबांचा मालक? दोन गाड्यांचा धनी. दोन ड्रायव्हर, दोन क्लीनर, झाले चार. एकाही कायद्याच्या दारात तो बसत नव्हता. असे एक-दोन गाड्यांवाले मालक आपल्याकडे आजही ढिगानं आहेत.

म्हणजे गंमत अशी की हमालाला मालक नाही म्हणून नवा कायदा करावा लागला, आणि त्यात किमान किती माणसं हवीत ही अटच ठेवली नाही. ड्रायव्हरला मालक होता, फक्त तो फार छोटा होता. म्हणून ड्रायव्हर मधल्या फटीत पडला.

दुसरं कारण जागेचं. टोळी एका गल्लीत काम करते. तिनं हात थांबवले की दुपारपर्यंत अख्खा बाजार तुंबतो. ड्रायव्हर हायवेवर विखुरलेला. एक खंबाटकीच्या घाटात, एक नाक्यावर जकातीच्या रांगेत, एक रात्री शहरात शिरायची वेळ होण्याची वाट बघत झोपलेला. यांना एकत्र कुठे आणि कसं करणार?

मग आलं १९८२. १८ जानेवारीला गिरणी संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार बाहेर. ज्या नोकरीला लालबाग सगळ्यात पक्की समजायचं ती बघता बघता गेली. त्याच वर्षी २२ मार्चला अण्णासाहेबांनी मराठा आरक्षणासाठी मुंबईत मोर्चा काढला, मागणी मान्य झाली नाही, आणि २३ मार्चला त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. तात्या सांगतात, त्या दिवशी बाजारात कुणी गोणीला हात लावला नाही. नेता गेला, पण मंडळं चालू राहिली, कारण व्यवस्था कायद्यात लिहिलेली होती. बाजारही हलला. कांदा-बटाटा १९८१ मध्ये वाशीला गेला, मग नव्वदच्या दशकात धान्य, मसाला, भाजी, फळं. तात्या बाजारामागोमाग कोपरखैरण्याला राहायला गेले. पेढी बदलली, शहर बदललं, खातं तेच राहिलं.

आता शेवट सांगतो दोघांच्या नोकरीचा. आबा साधारण १९९८ ला थांबले. रात्री समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांत घुसायला लागले होते. मालकानं एक महिन्याचा पगार आणि खरोखरच हातात नारळ दिला. छत्तीस-सदतीस वर्षांच्या नोकरीचा एकही कागद नव्हता. आजी म्हणायची, यांच्या नोकरीचा पुरावा म्हणजे यांची कंबर. तात्या २००८ ला निवृत्त झाले. फंड मिळाला, ग्रॅच्युइटी मिळाली, ती त्यांनी बँकेत ठेवली. २०१५ ला माझी बीटेकची पहिली फी भरायची होती तेव्हा त्यातली एक ठेव मोडली. ‘दादाचा नातू म्हणजे माझाच,’ एवढंच म्हणाले. आबा तेव्हा शेजारीच बसले होते. काही बोलले नाहीत, नुसता चष्मा पुसत राहिले.

पण गोष्ट इथे संपवली तर ती खोटी होईल. कारण समाधानाचं काय? आबांना बोरघाटाबद्दल विचारा, डोळे चमकतात. पहाटे घाट चढून खंडाळ्याला प्यालेला चहा, इंजिनाच्या आवाजावरून ओळखलेला बिघाड, गाडीला एक ओरखडा न पडता काढलेली वर्षं. त्यांना ते काम मनापासून आवडायचं. तात्यांनी हमालीबद्दल प्रेमानं बोललेलं मी कधी ऐकलं नाही. त्यांची मान वळत नाही, दोन्ही गुडघे गेलेत. ते म्हणतात, काम वाईटच होतं, पण म्हातारपणी कुणापुढे हात पसरायची वेळ आली नाही.

माथाडी कायदाही सोन्याचा नाही. लेव्ही चुकवणारे आहेत, आणि माथाडीच्या नावाखाली पैसे उकळणारेही आहेत. गाडी उतरवायची वाराई आजही बऱ्याचदा ड्रायव्हरच्या खिशातून जाते. म्हणूनच वाहतूकदार ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ म्हणत आंदोलन करतात. फाळक्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा, दोघेही कष्टकरी, आणि भांडण मात्र त्यांच्यातच.

तरी माझ्या मते या इतिहासातून एक गोष्ट नक्की निघते. समाधान माणसाचं स्वतःचं असतं. ते आबांकडे होतं, आणि ते कुठल्या कायद्यानं दिलं नव्हतं. सुरक्षितता मात्र माणसाच्या स्वभावातून, काटकसरीतून किंवा मेहनतीतून येत नाही. आबांनी तात्यांपेक्षा कमी कष्ट केले नव्हते, उधळपट्टीही केली नव्हती. फरक फक्त मधल्या मंडळाचा होता.

हे मी आज का सांगतोय? कारण मी ज्या कंपनीत आहे तिथे टेम्पो-ट्रकना भाडं जोडून देणाऱ्या ॲपचं काम चालतं. ॲपमधल्या ड्रायव्हरलाही आज मालक नाही, तो ‘पार्टनर’ आहे. १९६८ च्या दाणा बंदरासारखंच. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, चांगलंच झालं. पण थंड केबिनमधून उतरल्यावर साठाव्या वर्षी पुढे काय? २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांसाठी द्यावी अशी तरतूद आहे. लोक तिला नवी कल्पना म्हणतात. आमच्या तात्यांच्या पासबुकात ती १९६९ च्या कायद्यापासून आहे. आणि आम्ही प्रत्येक खेपेचा हिशोब पैशापर्यंत ठेवतोच. त्यात लेव्हीचा एक रकाना वाढवणं हे तांत्रिकदृष्ट्या एका दुपारचं काम आहे. अडचण तांत्रिक नाहीच.

तर मंडळी, तुमच्या घरात कुणी गाडीवर असेल, किंवा होतं, तर त्यांना घाटाच्या गोष्टी जरूर विचारा. आणि मग हळूच विचारा, फंड कापला जायचा का? आमच्या घरी हा प्रश्न विचारायला आम्हाला फार उशीर झाला.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.