पोलीस कार्याचे घटनोत्तर परीक्षण

दंगल, चेंगराचेंगरी, दहशतवादी हल्ला यांसारखी गंभीर घटना घडून गेल्यावर पोलिसांच्या पूर्वतयारीची व प्रत्यक्ष कृतीची केली जाणारी पद्धतशीर तपासणी. जबाबदारी निश्चित करणे आणि पुढील प्रसंगासाठी बोध घेणे, असे तिचे दोन हेतू असतात. पहिला हेतू अहवालाने बव्हंशी साधतो. दुसरा मात्र अहवालातील निष्कर्ष ठाण्याच्या दैनंदिन कामकाजात उतरले, तरच साधतो.

महाराष्ट्रात भिवंडीचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. यंत्रमागांच्या या शहरात ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल उसळली व तिचे लोण जळगाव आणि महाड येथे पोहोचले. न्यायमूर्ती दि. पि. मादन यांच्या चौकशी आयोगाने दंगलीनंतरच्या तपासाचीही छाननी केली आणि विशेष तपास पथकाच्या पक्षपातावर कठोर ताशेरे ओढले. तथापि चौकशी आयोग अधिनियम, १९५२ अन्वये नेमलेल्या आयोगाच्या शिफारशी शासनावर बंधनकारक नसतात. मे १९८४ मध्ये भिवंडीत पुन्हा दंगल झाली व ती मुंबईपर्यंत पसरली.

यानंतर भिवंडीत पोलीस उपायुक्त असलेले सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दंगल सुरू झाल्यावर बळ वापरण्यापेक्षा शांततेच्या काळातच लोकांशी संबंध जोडावेत, ही त्यांमागील भूमिका होती. प्रतिष्ठितांच्या जुन्या शांतता समित्यांहून या समित्या वेगळ्या होत्या. दोन्ही समाजांतील सामान्य रहिवासी व स्थानिक पोलीस त्यांत नियमितपणे एकत्र येत. त्यामुळे अफवा व किरकोळ तंटे वेळीच हाताळता येत. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत ९०० माणसे मृत्युमुखी पडली; भिवंडी मात्र शांत राहिली. या शांततेचे सर्व श्रेय एकाच उपायास देता येणार नाही. परंतु पूर्वानुभवाचा उपयोग झाल्याचे त्यावरून दिसते.

मुंबईच्या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये अहवाल दिला. पोलिसांतील पक्षपात व शैथिल्य त्याने दाखवून दिले. तत्कालीन शासनाने मात्र त्याचे प्रमुख निष्कर्ष अमान्य केले. दरम्यान सतीश साहनी, जूलिओ रिबेरो व सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मुंबईतही मोहल्ला समित्यांचे कार्य सुरू झाले होते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर राम प्रधान व वप्पाला बालचंद्रन यांच्या समितीने पोलिसांच्या प्रतिसादाची तपासणी केली. गुप्तवार्तेची हाताळणी, नेमबाजीचा अपुरा सराव आणि विहित कार्यपद्धतीचे पालन यांतील उणिवा तिने नोंदविल्या. हल्ल्यानंतर राज्याने ‘फोर्स वन’ हे विशेष पथक उभारले. पथक व शस्त्रे शासकीय आदेशाने उपलब्ध होतात. निःपक्षपातीपणा व लोकांचा विश्वास मात्र रोजच्या वर्तनातूनच निर्माण होतो. म्हणूनच परीक्षणाची खरी कसोटी अहवालात नसून पुढील प्रसंगी होणाऱ्या पोलिसांच्या कृतीत असते.