सिंगापूरचे काळे पाणी

काळे पाणी म्हटले की अंदमान डोळ्यांपुढे येते. परंतु १८५८ साली तेथे कायमची वसाहत होण्यापूर्वीच हिंदी बंदिवान समुद्रापार धाडले जात. जात बुडण्याची धास्ती त्यांना बेडीइतकीच जड वाटे. १८२४ च्या तहाने सुमात्रातील बेंकूलेन डचांकडे गेले आणि तेथील बंदिवान १८२५ साली सिंगापुरास आले. पुढे मुंबई इलाख्यातूनही माणसे आली. रस्ते त्यांनी बांधले, विटा त्यांनी भाजल्या. मुकादमही त्यांच्यातूनच नेमले जात. चुना, अंड्याचा पांढरा बलक आणि साखर घोटून त्यांनी सेंट अँड्र्यूच्या ख्रिस्तमंदिराला गिलावा केला. ते १८६१ साली पुरे झाले. १८७३ साली तुरुंग बंद झाला. काहींची रवानगी अंदमानास झाली, सुटलेले पुष्कळजण तेथेच स्थायिक झाले. शुभ्र मंदिर आजही उभे आहे. ते उभारणाऱ्या कित्येकांना मायदेश पुन्हा दिसला नाही.