धाव ते साडीगार्ड : एका सांध्याचा इतिहास

ही २००४ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा पदार्थविज्ञानात पीएच.डी. करत होतो, आणि जुनी एक मोटरसायकल विकत घेतली होती. आईला मागे एका बाजूला पाय सोडून बसता यावे म्हणून साडीगार्ड आणि त्याखाली पाय ठेवायला पट्टी हवी होती. बाजारात ती मिळत होतीच; पण धातूंच्या स्फटिकरचनेवर प्रबंध लिहिणाऱ्याने एवढे आपल्या हाताने करू नये काय, असे आमच्या मनाने घेतले. भोसरीच्या एका गल्लीत ओळखीचे वेल्डर काका होते. त्यांच्या शेडमध्ये रविवारी जाऊन आम्ही वेल्डिंग शिकू लागलो. चौथ्या रविवारी साडीगार्ड तयार झाले. ग्राइंडर मारून, काळा रंग देऊन ते इतके छान दिसू लागले की आम्ही ते चार जणांना दाखवले.

दोन आठवड्यांनी आईने गाडीवर बसताना पट्टीवर भार दिला आणि पट्टी सांध्यातून सुटली. गाडी उभी होती म्हणून कोपर खरचटण्यावर निभावले. हेच पुणे-मुंबई रस्त्यावर झाले असते तर, हा विचार आजही नकोसा वाटतो.

काकांनी तुटलेले टोक हातात घेतले आणि एकच वाक्य बोलले, "साहेब, रॉड चिकटला म्हणजे जोड झाला असं नाही."

चिकटणे आणि जोडले जाणे यांत फरक काय? हा प्रश्न माणसाला फार जुन्या काळापासून पडलेला आहे. त्याच्या उत्तराचा इतिहास म्हणजेच वेल्डिंगचा इतिहास.

लोहार वाळू का टाकतो?

आपल्यापैकी काहींनी लहानपणी गावच्या लोहाराला बैलगाडीच्या चाकाची धाव जोडताना पाहिले असेल. लोखंडी पट्टी गोल वाकवायची, तिची दोन्ही टोके भट्टीत पिवळी-पांढरी होईपर्यंत तापवायची, एकावर एक ठेवायची आणि घणाचे घाव घालायचे. लोखंड वितळत नाही, तरीही दोन टोकांचे एक होते. मग हे कडे तापवून लाकडी चाकावर बसवले आणि पाणी ओतले की ते आकसून चाकाला घट्ट आवळते. हा ताण वर्षानुवर्षे सोसायचा तो त्या सांध्याने.

यात एक बारकावा असतो. घाव घालण्याआधी लोहार टोकांवर चिमूटभर वाळू किंवा टाकणखार टाकतो. कशासाठी? वाळूने का कधी लोखंड चिकटते?

खरे म्हणजे स्वच्छ धातूचे दोन तुकडे एकमेकांना पुरेसे जवळ आले, तर त्यांना चिकटवण्यासाठी आणखी काही लागतच नाही. एका बाजूच्या अणूंना दुसऱ्या बाजूचे अणू 'परके' वाटण्याचे कारण नसते. १७२४ साली जॉन डेझाग्युलिए यांनी दाखवले की, शिशाच्या दोन गोळ्यांचा थोडा भाग कापून ते ताजे पृष्ठभाग एकमेकांवर पिळून दाबले तर गोळ्या घट्ट चिकटतात. अडचण असते ती मधल्या थराची. हवेतला ऑक्सिजन धातूवर लगेच ऑक्साइडचा पापुद्रा चढवतो. धातूला धातू भेटतच नाही. पापुद्र्याला पापुद्रा भेटतो.

आपल्या स्वयंपाकघरात हे रोज घडते. कणकेचे दोन ओले गोळे दाबले तर एक होतात. पण मध्ये तेल आणि पिठी लावून घडी घातली तर पोळीचे पदर सुटे राहतात. तिथे आपल्याला पदर सुटायला हवेच असतात. लोहाराला मात्र ही 'पिठी' काढून टाकायची असते. लोखंडाचे ऑक्साइड सुमारे १३७० अंश सेल्सिअसला वितळते. त्यात वाळू, म्हणजे सिलिका, मिसळली की तयार होणारी मळी साधारण १२०० अंशांनाच पातळ होते आणि घणाच्या घावाबरोबर ठिणग्यांसारखी बाहेर उडते. मागे उरतो तो नितळ धातू. वाळू लोखंड जोडत नाही. ती मधला अडथळा दूर करते. लोहाराला हे रसायनशास्त्राच्या भाषेत सांगता आले नसते, पण त्याला ते करता येत होते.

ज्योत आणि ठिणगी

एकोणिसाव्या शतकात दोन नव्या उष्णता हाती आल्या. १८३६ साली एडमंड डेव्ही यांनी ॲसिटिलीन वायू शोधला; १८९२ नंतर विजेच्या भट्टीत कॅल्शियम कार्बाइड स्वस्तात बनू लागले, आणि कार्बाइडवर पाणी टाकले की ॲसिटिलीन मिळू लागला. १९०३ च्या सुमारास फ्रान्समध्ये एदमाँ फूशे आणि शार्ल पिकार यांनी ऑक्सिजन-ॲसिटिलीनची हातात धरता येणारी बत्ती तयार केली. तिची ज्योत ३००० अंशांच्या वर जाते. गॅस वेल्डिंग म्हणतात ते हेच.

दुसरी उष्णता विजेच्या ठिणगीची. रशियन साम्राज्यात निकोलाय बेनार्दोस यांनी स्तानिस्लाव ओल्शेव्स्की यांच्यासह १८८० च्या दशकात कार्बनची कांडी व लोखंड यांच्यात विजेचा आर्क पेटवून धातू वितळवला. निकोलाय स्लाव्यानोव यांनी १८८८ मध्ये कार्बनऐवजी धातूचीच कांडी वापरली. ती वितळून सांध्यात भर घालू लागली.

आता तर धातू वितळतच होता. मग जोड पक्का व्हायला हवा होता. पण तो ठिसूळ होई. कारण जुनेच होते. वितळलेले पोलाद हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन अधाशासारखा ओढून घेते. लोहाराचा प्रश्न हजारो अंश वर जाऊनही सुटला नव्हता.

तो सोडवला स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी. गोथेनबर्ग बंदरात जहाजांचे बॉयलर दुरुस्त करताना त्यांनी लोखंडी तार कार्बोनेट आणि सिलिकेटच्या दाट कालवणात बुडवून वाळवली. १९०४ साली त्यांनी 'एसाब' ही कंपनी काढली. लेपाच्या या कांडीने आर्क पेटवला की लेप जळून वायूचे आवरण तयार होते आणि हवा दूर राहते. उरलेला लेप मळी बनून सांध्यावर साय धरतो. वेल्डिंग झाल्यावर हातोडीने ठोकून काढतात तो काळा पापुद्रा म्हणजे ही साय. लोहाराची वाळूच पुन्हा, पण आता ती कांडीवर बसून आली होती!

दुसऱ्या महायुद्धाने आणखी एक धडा दिला. अमेरिकेने सुमारे २७०० 'लिबर्टी' मालवाहू जहाजे बहुतांशी वेल्डिंगने बांधली. त्यांतल्या कित्येकांना मोठ्या भेगा पडल्या. १९४३ च्या जानेवारीत 'स्केनेक्टडी' नावाचे तेलवाहू जहाज तर बंदरातल्या शांत पाण्यात उभ्या उभ्या दुभंगले. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवले की ते पोलाद थंडीत ठिसूळ होत होते. शिवाय रिव्हेटच्या जहाजात भेग एका पत्र्याच्या कडेला थांबते. वेल्डिंगने सगळे जहाज एकसंध झालेले असते, म्हणून ती पुढे धावत जाते. चांगल्या जोडालाही किंमत असते. म्हणून कुठे जोडायचे हेही कळावे लागते.

आकुर्डीतून गल्लीत

हे ज्ञान आपल्या भागात कसे उतरले? १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. साठच्याच दशकात आकुर्डीला बजाज ऑटो आणि पिंपरीला टेल्को उभे राहिले. आकुर्डीची स्कूटर आधी इटलीच्या पियाजिओच्या सहकार्याने बनत असे. १९७२ पासून ती 'चेतक' झाली. तिचे अंग दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्यांचे. असे पत्रे जोडायची रीत म्हणजे स्पॉट वेल्डिंग. दोन पत्रे तांब्याच्या टोकांत दाबून क्षणभर जबर वीजप्रवाह सोडायचा. मधला ठिपका वितळून एक होतो. इथे पत्रे एकमेकांवर दाबलेले असल्याने हवेला आत शिरायला जागाच नसते.

वेल्डिंगचे साहित्यही इथेच बनू लागले. १९५१ साली स्विस सहकार्याने सुरू झालेली अडवाणी-ओर्लिकॉन कंपनी आज एडोर वेल्डिंग या नावाने चिंचवडला काम करते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने आणि आय.टी.आय.च्या वेल्डर अभ्यासक्रमाने खेड, मावळ, जुन्नरची आणि त्याहून लांबची मुले कारखान्यांत आणली. त्यांच्यापैकी काहींनी पुढे भोसरी, चिखलीत स्वतःचे ट्रान्सफॉर्मर मशीन मांडले. कारखान्यात शिकलेला हात गल्लीत आला. भंगारातला पाइप घेऊन दूधवाल्याला कॅन अडकवायचा कॅरिअर, कुणाला लेगगार्ड, कुणाला साडीगार्ड बनवून देऊ लागला.

साडीगार्ड ही काही हौसेची वस्तू नव्हे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे साधन, धरायला मूठ आणि पाय ठेवायला आधार हवा. साडी आणि तारांचे चाक यांचा प्रश्न इथल्या रस्त्यांवर रोजचा आहे.

आकुर्डीतले जुने स्कूटर-मोटरसायकल उत्पादन २००७ मध्ये थांबले. २००१ साली आलेली 'पल्सर' चाकणला बनत होती. मोठ्या कारखान्यांत आज वेल्डिंगचे बरेचसे काम यंत्रमानव करतात. तिथे लेपाच्या कांडीऐवजी सलग तार आणि नळकांड्यातून सोडलेला वायू असतो. कामगार त्याला 'सीओटू' म्हणतात. म्हणजे पुन्हा तेच : हवा दूर ठेवा. गल्लीचे दिवसही पालटत आहेत. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने चिखली-कुदळवाडीतील भंगाराची दुकाने आणि शेड मोठ्या प्रमाणावर पाडली.

आमचे काय चुकले?

आता आमच्या पट्टीकडे येऊ. काकांनी तुटलेला पृष्ठभाग उन्हात धरला. कडेला थोडी चमकदार रेघ होती. मध्ये काळी मळी आणि बारीक भोके. त्यांनी तीन चुका मोजल्या. एक : पाइपवरचा जुना रंग आणि गंज आम्ही नीट घासला नव्हता. दोन : पातळ पाइपला भोक पडेल या भीतीने प्रवाह कमी ठेवला होता, त्यामुळे कांडी वितळली पण पाइप वितळला नाही. तीन : दिवस जुलैचे होते, कांड्यांचा पुडा उघडाच राहून लेप दमट झाला होता. त्या ओलीची वाफ सांध्यात शिरून भोके पडली. आणि हे सगळे आम्ही ग्राइंडर आणि रंगाखाली सफाईने झाकले होते.

त्या पुड्यावर 'ई ६०१३' असे छापलेले होते. त्यातल्या ६० चा अर्थ आम्ही नंतर वाचला : या कांडीने भरलेला धातू दर चौरस इंचाला ६०,००० पौंड, म्हणजे चौरस मिलिमीटरला सुमारे ४२ किलोग्रॅम ताण सोसतो. पण हे सगळे नीट जोडले तर! आकडा कांडीचा होता, आमच्या सांध्याचा नव्हता.

दुसरी पट्टी काकांनी आमच्याचकडून करून घेतली. पाइप चकचकीत घासला, अडीच मिलिमीटरचा, त्यांच्या भाषेत 'बारा नंबरचा' कोरडा रॉड घेतला, आधी दोन टाके मारले, मग प्रवाह वाढवून सांधा भरला. रंग देण्याआधी पट्टी शिकंज्यात धरून घणाने ठोकून वाकवली. पाइप वाकला, सांधा सुटला नाही. ती अर्थातच वाया गेली. मग तशीच तिसरी केली आणि ती गाडीला बोल्टने बसवली. गाडीच्या मूळ सांगाड्यावर आर्क मारायचा नाही, हा काकांचा नियम होता.

वर्गात

शिक्षकमित्रांनी वर्गात वेल्डिंग करावे असे आम्ही म्हणणार नाही. आर्कच्या अतिनील किरणांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. जस्त चढवलेला पाइप वेल्ड केला तर ९०७ अंशांनाच जस्त उकळून त्याचा धूर निघतो आणि तो श्वासात गेल्याने ताप भरतो. पण कणकेचे गोळे प्रत्येक शाळेत आणता येतील. दोन ओले गोळे दाबा, दोन पिठी लावून दाबा, वाळू द्या आणि ओढून पाहा. मग बंद पडलेल्या सायकलचा किंवा बाकाचा तुटलेला सांधा मुलांच्या हाती द्या. तुटलेल्या तोंडावर चमक किती, काळे किती, भोके किती, हे त्यांना भिंगातून मोजू द्या. शक्य असेल तर जवळच्या शेडमधल्या वेल्डरना वर्गात बोलवा आणि खुर्ची द्या. मशीन नको, नुसते तुटलेले सांधे आणायला सांगा.

आमची आई त्या तिसऱ्या पट्टीवर पाय ठेवून पुढे नऊ वर्षे गाडीवर बसली. दर वेळी बसण्याआधी ती पट्टीवर एकदा पाय दाबून बघत असे.