हात गुंतले, तोंड मोकळं

'एलिट: डेंजरस' या अंतराळ-उड्डाणाच्या खेळाला कान नाहीत. तरीही खेळणारा मायक्रोफोनमध्ये 'लँडिंग गिअर' म्हणतो आणि यानाचे पाय खाली येतात. मधली लबाडी 'व्हॉइसअटॅक'सारख्या सॉफ्टवेअरची. ठरलेले शब्द कानी पडले की ते आपल्या वतीने कीबोर्डवरचं 'एल' बटण दाबतं, आणि खेळाला वाटतं बोटानेच दाबलं. संगणकाशी गप्पा मारण्याच्या या दिवसांत हे फारच साधं वाटेल. पण बोलणं ओळखणाऱ्या यंत्रांच्या या घराण्याची रीतच ती आहे: मोजकं ऐकायचं आणि नेमकं ऐकायचं.

मूळ पुरुष म्हणावा असा 'ऑड्री', अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये 1952 साली जन्मलेला. त्याला फक्त इंग्रजी अंक कळत, तेही थांबून थांबून उच्चारलेले आणि ओळखीच्या आवाजातले. आयबीएमच्या 'शूबॉक्स'ने 1962 च्या सिॲटल जागतिक प्रदर्शनात सोळा शब्दांपर्यंत मजल मारली. दहा अंक, आणि 'प्लस', 'मायनस', 'टोटल' असे हिशेबाचे सहा शब्द. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'हार्पी'ला 1976 मध्ये हजाराच्या वर शब्द समजू लागले. तिथल्या या संशोधनामागे आंध्रातून गेलेले राज रेड्डी होते; 1994 चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना विभागून मिळाला. 2007 मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर बोलणं ओळखणारी यंत्रणा घरोघरच्या संगणकांत आयतीच आली. व्हॉइसअटॅक मूलतः तिच्याच खांद्यावर उभं आहे. पण वापरतं ते ऑड्रीच्या पद्धतीने. अख्खी भाषा समोर ठेवायची नाही, आपण लिहून दिलेली आज्ञांची यादीच ठेवायची. यादी आखूड असली की चुकायला जागाही कमी उरते.

गरज मात्र वेगळ्या घरातून आली, लढाऊ विमानाच्या कॉकपिटमधून. वैमानिकाचा एक हात थ्रॉटलवर, दुसरा स्टिकवर. तेव्हा रेडिओची वारंवारता बदलायची कोणी? 1980 च्या दशकात अमेरिकेत एफ-16 च्या एका प्रायोगिक विमानावर आवाजी आज्ञांच्या चाचण्या झाल्या. इंजिनाचा गोंगाट, तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, आणि वळताना छातीवर इतका भार की माणसाचा आवाजच बदलतो. एवढ्यातून ऐकायचं होतं. पुढे युरोफायटर टायफूनमध्ये ही सोय प्रत्यक्ष आली. पण तिथे शस्त्र सोडणं आणि चाकं खाली घेणं ही कामं आवाजाकडे दिलेली नाहीत. म्हणजे खेळातल्या वैमानिकाची आवडती आज्ञा खऱ्या वैमानिकाला वर्ज्य! खऱ्या अंतराळातही हा प्रयोग झाला. ऑक्टोबर 1990 मध्ये डिस्कव्हरी यानाच्या फेरीत यानावरचे टीव्ही कॅमेरे तोंडी आज्ञेने हलवून पाहिले गेले.

त्याच सुमारास खेळांच्या बाजूला काय चाललं होतं, तर कोनामीचं 'लेझरस्कोप' नावाचं शिरस्त्राण. त्यात 'फायर' असं ओरडायचं, की गोळी सुटायची. खोकलं तरी सुटायची. या शाखेबद्दल अधिक न बोललेलं बरं.

खरी सोयरीक जुळली ती 2014 मध्ये. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांचा मूळ 'एलिट' 1984 साली बीबीसी मायक्रो संगणकावर आला होता. 32 केबी स्मृतीत आठ आकाशगंगा, प्रत्येकीत 256 ग्रहमाला. ब्रेबेन यांच्या कंपनीने तीस वर्षांनी आणलेल्या 'एलिट: डेंजरस'मध्ये यानाच्या कामांची संख्या एवढी वाढली, की जॉयस्टिकवरची बटणं संपतात आणि कीबोर्डही अपुरा वाटतो. त्यात ऑक्युलस रिफ्टचा आभासी वास्तव दाखवणारा चष्मा चढवला की समोरचा कीबोर्ड दिसतच नाही. एफ-16 च्या वैमानिकाची अडचण अशी घरातल्या खुर्चीत येऊन बसली. मग उत्तर देणारे आवाजही विकत मिळू लागले. 1966 पासून 'स्टार ट्रेक'मध्ये यानाच्या संगणकाला हुकूम सोडणारे विल्यम शॅटनर आता स्वतःच अशा एका संचात यानाच्या वतीने बोलतात. या कुळकथेतला मला सर्वांत आवडणारा प्रसंग हाच.

कोणी ही जुळणी करून पाहणार असेल तर दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आज्ञा दोन-तीन शब्दांच्या ठेवा; एकाक्षरी आज्ञा टीव्हीच्या आवाजानेही सुटतात. आणि गोळीबार तोंडाकडे देऊ नका, कारण आपलं बोलणं संपलं आहे याची खात्री होईपर्यंत यंत्र क्षणभर थांबतं आणि तेवढ्यात शत्रू निसटतो. टायफूनवाल्यांचा नियम इथे वेगळ्या कारणाने का होईना, पाळावाच लागतो. राहिला भाषेचा प्रश्न. विंडोजच्या त्या यंत्रणेच्या यादीत भारतीय इंग्रजी आहे, मराठी नाही.