गाळातून खोल पाण्याकडे : शांघाय बंदराची वाटचाल

अफूच्या युद्धातल्या चीनच्या पराभवानंतर 1842 मध्ये नानजिंगचा तह झाला आणि पुढच्याच वर्षी शांघाय परदेशी व्यापाराला खुलं करावं लागलं. बंदर तेव्हा हुआंगपू नदीच्या काठी होतं. सप्टेंबर 1978 मध्ये 162 कंटेनर घेऊन एक जहाज याच नदीतून ऑस्ट्रेलियाकडे निघालं. शांघायच्या आंतरराष्ट्रीय कंटेनर वाहतुकीची ती सुरुवात.

नव्वदच्या दशकात यांगत्सेच्या मुखाशी वायगाओच्याओचे धक्के उभे राहिले. पण यांगत्सेचा गाळ कितीही उपसला तरी पुन्हा साचतो, आणि मोठ्या कंटेनर जहाजांना पंधरा मीटरच्या आसपास खोली लागते. ती मिळाली हांगझौ उपसागरातल्या यांगशान बेटांपाशी. बेटं मात्र शेजारच्या चच्यांग प्रांतातल्या शंगस तालुक्याची! भूमी एका प्रांताची, बंदर चालवणार दुसरं शहर. या सगळ्या वाटचालीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा निर्णय. डोंगर फोडून समुद्रात भराव घातला गेला, बेटापर्यंत सुमारे साडेबत्तीस किलोमीटरचा डोंगहाय पूल बांधला गेला आणि डिसेंबर 2005 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. त्यासाठी या बेटांपैकी छोट्या यांगशानवरच्या मच्छीमारांना आपलं बेट सोडावं लागलं. बंदराच्या गौरवगाथेत त्यांचं नाव क्वचितच येतं. ते यायला हवं.

कारभारही बदलला. 2003 मध्ये जुन्या बंदर खात्याची फेररचना झाली : नियमन सरकारकडे राहिलं आणि धक्के चालवण्याचं काम ‘शांघाय इंटरनॅशनल पोर्ट ग्रुप’ या कंपनीकडे आलं. 2010 मध्ये कंटेनर उलाढालीत शांघायनं सिंगापूरला मागे टाकलं. डिसेंबर 2017 मध्ये यांगशानचा चौथा, स्वयंचलित टप्पा सुरू झाला. तिथं कंटेनर वाहणाऱ्या गाड्या बॅटरीवर, चालकाविना धावतात. उंच केबिनमध्ये तासन् तास मान वाकवून बसणारे क्रेनचालक नियंत्रण कक्षातल्या पडद्यांसमोर आले. शरीर झिजवणारं काम कमी झालं, हे यंत्रांच्या वेगाहून मोठं यश आहे. 2022 च्या कोविड टाळेबंदीत मात्र यंत्रं पुरली नाहीत. कामगार घरदार सोडून बंदरातच मुक्कामाला राहिले, म्हणून जहाजं हलली.

2024 मध्ये वीस फुटी कंटेनरच्या हिशेबात उलाढाल 5 कोटींच्या पुढे गेली. छोट्या यांगशानच्या उत्तर बाजूच्या विकासासाठी 2019 मध्ये शांघाय आणि चच्यांगनं करार केला. तिथं आता नवे धक्के बांधले जात आहेत.